एका खेळाडूच्या बदल्यात : डॅलस काउबॉइजची पडझड आणि उभारी

१२ ऑक्टोबर १९८९, गुरुवार. डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाने त्या हंगामात पाच सामने खेळले होते आणि पाचही गमावले होते. संघात नाव घ्यावं असा एकच मोठा खेळाडू उरला होता, हर्शेल वॉकर. त्या दिवशी संघाने त्यालाच मिनेसोटा व्हायकिंग्जच्या हवाली केलं. बदल्यात पाच फारशी ख्याती नसलेले खेळाडू आले आणि पुढच्या तीन वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे काही हक्क आले. हे हक्क म्हणजे त्या घडीला कागदावरची आश्वासनं होती. डॅलसच्या चाहत्यांना आपल्याला लुटलं गेल्यासारखं वाटलं आणि अनेक क्रीडापत्रकारांचंही तेच मत पडलं.

त्यानंतर सात वर्षांच्या आत याच संघाने तीन वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. आज तो सौदा अमेरिकन खेळांच्या इतिहासातला सर्वांत एकतर्फी सौदा मानला जातो आणि लुटला गेलेला संघ म्हणून मिनेसोटाचं नाव घेतलं जातं. ही गोष्ट नेहमी एका हुशार चालीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. या संघाची ओढ असलेल्या माणसाला मात्र ती अपुरी वाटते. हक्क मिळाले म्हणून संघ उभा राहिला नाही. ते हक्क कशावर खर्च करायचे हे ओळखणारी माणसं त्या वेळी तिथे होती, म्हणून तो उभा राहिला. घटना क्रमाने पाहिल्या की हे स्पष्ट होतं.

लँड्री यांचा काळ

काउबॉइज संघ १९६० साली सुरू झाला आणि पहिल्या दिवसापासून त्याचे प्रशिक्षक एकच होते, टॉम लँड्री. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे सहवैमानिक राहिलेले, मैदानाच्या कडेला कोट-टाय आणि हॅट घालून निर्विकार उभे राहणारे लँड्री टेक्सासमध्ये दैवताच्या जागी होते. १९६६ ते १९८५ अशी सलग वीस वर्षं त्यांच्या संघाने हंगामात हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले. पाच वेळा सुपर बोल गाठला आणि दोनदा जिंकला. व्यवस्थापक टेक्स श्रॅम आणि खेळाडू हेरणारे गिल ब्रँट यांच्यासह लँड्री यांनी संघ असा घडवला की देशभर त्याला ‘अमेरिकाज टीम’ म्हटलं जाऊ लागलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हे सगळं थकत गेलं. जुने खेळाडू निवृत्त झाले. खेळाडू निवडण्याच्या डॅलसच्या पद्धती इतर संघांनीही आत्मसात केल्या, त्यामुळे पूर्वीची आघाडी उरली नाही. १९८६ आणि १९८७ या दोन्ही हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त झाले आणि १९८८ मध्ये तर सोळांपैकी तेरा सामने गेले.

पडझड मैदानापुरती नव्हती. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले आणि टेक्सासची अर्थव्यवस्था हादरली. जमिनींचे भाव पडले, बँका बुडू लागल्या. संघाचे मालक बम ब्राइट यांची बचत-बँक १९८९ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. त्यांना संघ विकणं भाग होतं.

फेब्रुवारीतला शनिवार

खरेदीदार शेजारच्या आर्कन्सा राज्यातले होते. जेरी जोन्स यांनी तेल आणि वायूच्या विहिरींत पैसा कमावला होता. सुमारे १४ कोटी डॉलर मोजून त्यांनी संघ आणि टेक्सास स्टेडियमचे हक्क घेतले. संघ तोट्यात होता, शहर मंदीत होतं आणि अशा वेळी एवढी रक्कम लावणं हा फार मोठा जुगार होता.

नवे प्रशिक्षक म्हणून जोन्स यांनी जिमी जॉन्सन यांना आधीच ठरवलं होतं. दोघे आर्कन्सा विद्यापीठाच्या १९६४ च्या विजेत्या संघात एकत्र खेळले होते. जॉन्सन यांनी मायामी विद्यापीठाच्या संघाला १९८७ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं, पण व्यावसायिक पातळीवर त्यांनी एक दिवसही काम केलेलं नव्हतं. घोषणेच्या आदल्या रात्री दोघे डॅलसमधल्या एका टेक्स-मेक्स उपाहारगृहात जेवायला गेले. ते लँड्री यांच्या आवडीचं ठिकाण होतं. दुसऱ्या दिवशी त्या जेवणाचं छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आलं. लँड्री यांना अजून कुणी काही सांगितलेलंही नव्हतं.

त्या शनिवारी, २५ फेब्रुवारीला, जोन्स आणि श्रॅम विमानाने ऑस्टिनजवळच्या गोल्फ मैदानावर गेले आणि त्यांनी एकोणतीस वर्षं संघ सांभाळलेल्या प्रशिक्षकाला तुमचं काम संपलं असं सांगितलं. रात्री पत्रकार परिषद झाली. शहर संतापलं. एप्रिलमध्ये डॅलसच्या रस्त्यांवरून लँड्री यांची मिरवणूक निघाली, तेव्हा हजारो लोक दुतर्फा उभे होते. थोड्याच काळात श्रॅम आणि ब्रँटही संघातून गेले.

चाहत्यांचा हा राग रास्त होता, असं मला आजही वाटतं. लँड्री यांचा संघ उताराला लागला होता, बदल अटळ होता, हे खरं. पण ज्याने संघाला नाव मिळवून दिलं त्याला निरोप देण्याची ही रीत नव्हे. या रागाचा एक दुष्परिणाम मात्र झाला. पुढचे काही महिने जोन्स आणि जॉन्सन जे काही करतील ते चूकच, असं शहराने आधीच ठरवून टाकलं.

हक्क म्हणजे काय

पुढचं समजण्यासाठी या खेळाचा एक नियम पाहायला हवा. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, आयपीएलसारखा लिलाव होत नाही. विद्यापीठांतून बाहेर पडणारे खेळाडू दर वसंतात ‘ड्राफ्ट’मध्ये निवडले जातात. मागच्या हंगामात जो संघ तळाला, त्याची निवड पहिली. विजेत्याची निवड शेवटची. अशा अनेक फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीतला आपला हक्क संघ दुसऱ्याला देऊ शकतो.

१९८९ मध्ये या हक्कांना फार मोल होतं. करार संपला तरी महत्त्वाच्या खेळाडूला हवा तो संघ गाठता येत नसे, ती मोकळीक १९९३ मध्ये आली. म्हणजे नवा संघ बांधण्याचे खरे मार्ग दोनच होते, ड्राफ्ट आणि अदलाबदल. पगारावर कमाल मर्यादाही तेव्हा नव्हती, ती १९९४ मध्ये आली. एकदा चांगला तरुण हाती आला की तो बराच काळ टिकवता येई.

तळाला असल्यामुळे १९८९ ची पहिली निवड डॅलसची होती. जॉन्सन यांनी ट्रॉय एकमन हा क्वार्टरबॅक निवडला. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा, चेंडू कुणाकडे जाणार हे ठरवणारा खेळाडू. त्याच ड्राफ्टमध्ये डॅरिल जॉन्स्टन आणि मार्क स्टेपनोस्की हेही आले, जे पुढे आक्रमणाचा कणा झाले. झेल घेणारा मायकल आर्विन लँड्री यांनीच आदल्या वर्षी निवडून ठेवला होता. हे विसरता कामा नये, नव्या इमारतीचा एक भक्कम खांब जुन्या माणसाने उभारलेला होता.

याच उन्हाळ्यात जॉन्सन यांनी एक महागडी चूकही केली. मायामीतला आपला जुना क्वार्टरबॅक स्टीव्ह वॉल्श याला त्यांनी पूरक ड्राफ्टमधून घेतलं आणि त्याची किंमत म्हणून १९९० चा पहिल्या फेरीचा हक्क गमावला. संघ त्या वर्षी तळाला राहिला, म्हणजे गेलेला हक्क संपूर्ण ड्राफ्टमधला पहिला ठरला. वर्षभराने वॉल्शला न्यू ऑर्लिन्सकडे पाठवून पहिल्या फेरीच्या एका हक्कासह तीन हक्क परत मिळवले, तेव्हा काही भरपाई झाली.

धावताना सुचलेला विचार

१९८९ च्या हंगामातला पहिलाच सामना न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ०–२८ असा गेला. जॉन्सन यांना दिसत होतं की या संघाला वेग नाही, खोली नाही आणि सुधारायला वेळ लागणार. सहायक प्रशिक्षकांबरोबर रोजच्यासारखे धावत असताना त्यांनी वॉकरला विकण्याची कल्पना काढली. सहायक चकित झाले. आधीच एकही गुण मिळवणं जड जात होतं, त्यात एकमेव शस्त्र टाकून द्यायचं?

वॉकर साधा खेळाडू नव्हता. जॉर्जिया विद्यापीठात असताना १९८२ साली त्याने विद्यार्थी खेळाडूंचा सर्वोच्च सन्मान, हाइझमन करंडक, मिळवला होता. १९८८ मध्ये, तेरा सामने हरलेल्या संघात, चेंडू घेऊन त्याने १,५१४ यार्ड धाव घेतली होती. वय सत्तावीस. पण ‘रनिंग बॅक’ ही जागा शरीर झिजवणारी असते. चेंडू पोटाशी धरून बलदंड माणसांच्या भिंतीत वारंवार घुसायचं, आणि तिशी जवळ आली की बहुतेकांचा वेग उतरू लागतो. डॅलस पुन्हा जिंकण्याच्या स्थितीत येईपर्यंत वॉकरची उमेदीची वर्षं सरली असती. जॉन्सन यांचा हिशेब असा सरळ होता.

क्लीव्हलँडसह काही संघांनी उत्सुकता दाखवली. मग मिनेसोटाचे महाव्यवस्थापक माइक लिन पुढे आले. व्हायकिंग्जचा बचाव लीगमधल्या उत्तम बचावांपैकी होता. चार सुपर बोल हरलेल्या त्या संघाला आपण एका धावपटूपुरते कमी पडतो, असं वाटत होतं. जॉन्सन यांनी क्लीव्हलँडचा देकार दाखवून लिन यांच्यावर वेळेचा दबाव टाकला आणि सौदा झाला. वॉकरने राजी व्हावं म्हणून त्याला साडेबारा लाख डॉलर देण्यात आले.

सौद्यातली खरी मेख अटींत होती. डॅलसला पाच खेळाडू मिळाले आणि जवळपास प्रत्येक खेळाडूला भविष्यातले हक्क बांधलेले होते. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे १९९० च्या १ फेब्रुवारीपर्यंत, डॅलसने त्या खेळाडूला सोडलं तर त्याच्याशी जोडलेले हक्क डॅलसला मिळणार. लिन यांना वाटलं, इतका दुबळा संघ या अनुभवी खेळाडूंना घट्ट धरून ठेवील आणि आपले हक्क आपल्याकडेच राहतील. जॉन्सन यांच्या नजरेत पाचही खेळाडू दुय्यम होते, त्यांना हवे होते ते हक्क. या नव्यांना फार खेळवू नका, असं त्यांनी सहायकांना बजावलं, कारण खेळवलं तर सोडणं जिवावर येईल. त्यातल्या डॅरिन नेल्सनने तर डॅलसला यायलाच नकार दिला आणि तो सॅन डिएगोला गेला. हंगाम संपल्यावर लिन यांना डाव कळला. नव्याने बोलणी झाली आणि शेवटी डॅलसला यातले तीन खेळाडूही ठेवता आले, हक्कही मिळाले.

एकूण हिशेब असा : मिनेसोटाचे पहिल्या फेरीचे तीन, दुसऱ्या फेरीचे तीन, तिसऱ्या फेरीचा एक आणि सहाव्या फेरीचा एक, असे आठ हक्क तीन वर्षांत डॅलसकडे आले.

एक विजय, पंधरा पराभव

सौद्यानंतर तीन दिवसांनी वॉकर मिनेसोटाच्या जांभळ्या पोशाखात ग्रीन बेविरुद्ध उतरला. त्या एका दुपारी त्याने १४८ यार्ड धाव घेतली, एकदा तर पायातला बूट निसटलेला असताना धावत राहिला. व्हायकिंग्जने सामना २६–१४ असा जिंकला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. डॅलसच्या चाहत्यांनी ते पाहिलं आणि त्यांची उरलीसुरली शंका फिटली.

डॅलस त्या वर्षी एकच सामना जिंकलं, ५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये, १३–३. तोही एकमन जखमी असल्याने वॉल्श खेळत असताना. एकमनने सुरुवात केलेले अकराही सामने संघ हरला. १ विजय आणि १५ पराभव ही त्या हंगामाची नोंद.

या काळातल्या चाहत्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या समोर काय होतं? गेलेला प्रशिक्षक, गेलेला नायक, दर आठवड्याला पराभव आणि ‘थांबा, पुढे बघा’ एवढंच सांगणारी दोन नवी माणसं. त्याने त्यांच्यावर विश्वास ठेवावा असं त्यांनी अजून काहीच केलं नव्हतं.

खर्च करणारी नजर

१९९० च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाकडून आलेला हक्क एकविसाव्या क्रमांकाचा होता. फ्लोरिडा विद्यापीठाचा एमिट स्मिथ सोळा निवडी होऊनही शिल्लक होता. तो बुटका आहे, पुरेसा वेगवान नाही, असं अनेक संघांचं मत होतं. जॉन्सन यांनी एकविसाव्या क्रमांकाबरोबर तिसऱ्या फेरीचा हक्क जोडून पिट्सबर्गकडून सतरावी जागा घेतली आणि स्मिथला निवडलं. एक धावपटू देऊन त्या मोबदल्यातून सात वर्षांनी लहान धावपटू आणला, असं म्हणता येईल. स्मिथ पुढे १८,३५५ यार्ड धावला. एनएफएलच्या इतिहासात तेवढं आजवर कुणीही धावलेलं नाही.

हाच नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. १९९१ मध्ये मिनेसोटाचा अकरावा क्रमांक, मिनेसोटाहूनच आलेला डेव्हिड हॉवर्ड आणि आणखी काही देऊन डॅलसने न्यू इंग्लंडकडून पहिली निवड मिळवली आणि बचावफळीत रसेल मेरीलँड आणला. १९९२ मध्ये अदलाबदलींच्या साखळीतून केव्हिन स्मिथ आणि डॅरेन वुडसन आले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोकडून चार्ल्स हेली मिळवला आणि बचाव पुरा झाला. जॉन्सन यांच्या पाच वर्षांत डॅलसने पन्नासच्या घरात सौदे केले.

एवढे हक्क हाती आले की प्रश्न पडतो, अकरावा क्रमांक जास्त मोलाचा की विसावा आणि चाळिसावा मिळून? ड्राफ्टच्या दिवशी निर्णयाला काही मिनिटंच असतात. जोन्स यांचे तेलव्यवसायातले भागीदार माइक मॅकॉय यांनी जुन्या सौद्यांचा अभ्यास करून प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा तक्ता बनवला. पहिल्या निवडीला ३,००० गुण, तिथून खाली उतरत जाणारे. तो तक्ता पुढे लीगभर पसरला आणि अनेक संघांनी आपापले तक्ते त्याच धर्तीवर केले.

सगळं जमलं असंही नाही. हक्क देऊन ह्यूस्टनहून आणलेल्या अलोन्झो हायस्मिथच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही. पण इतके हक्क असल्यावर दोन-चार निवडी फसल्या तरी चालतं. वॉकर सौद्याने डॅलसला सर्वांत मोठी गोष्ट दिली ती हीच, चुका करण्याची ऐपत.

१९९० मध्ये सात विजय, १९९१ मध्ये अकरा, १९९२ मध्ये तेरा. ३१ जानेवारी १९९३ रोजी पासाडिनाच्या रोझ बोलमध्ये डॅलसने बफेलोला ५२–१७ असं हरवलं. एक विजय आणि पंधरा पराभवांच्या त्या हंगामाला फक्त तीन वर्षं झाली होती. पुढच्या जानेवारीत अटलांटात पुन्हा बफेलोलाच ३०–१३. मिनेसोटात वॉकर अडीच हंगाम खेळला, एकाही हंगामात हजार यार्ड गाठले नाहीत. त्याला साजेसा आक्रमणाचा साचाच तिथे नव्हता. त्या काळात व्हायकिंग्ज एकदाच बाद फेरीत गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून ४१–१३ असे हरले.

उरलेला हिशेब

दोन विजेतेपदांनंतर श्रेय कुणाचं, यावरून जोन्स आणि जॉन्सन या दोघा मित्रांत वितुष्ट आलं. हा संघ घेऊन कितीतरी प्रशिक्षक जिंकले असते, असं जोन्स पत्रकारांसमोर बोलून गेले. २९ मार्च १९९४ रोजी जॉन्सन यांनी संघ सोडला. बॅरी स्विट्झर यांच्या हाताखाली जानेवारी १९९६ मध्ये तिसरा सुपर बोल आला, बहुतेक जुन्याच खेळाडूंच्या बळावर. त्यानंतर डॅलस पुन्हा कधी सुपर बोलला, अगदी त्याच्या आदल्या फेरीलाही, पोचलेलं नाही. पगाराच्या मर्यादेने सगळ्याच संघांचं काम अवघड केलं हे खरं. पण ती मर्यादा सर्वांना सारखीच होती. खेळाडू निवडण्याचा शेवटचा शब्द मालक जोन्स यांनी स्वतःकडे ठेवला आणि त्यांच्या तोडीस तोड बोलणारा माणूस पुन्हा निवडीच्या खोलीत आला नाही. चौदा कोटींना घेतलेल्या संघाची किंमत फोर्ब्जने २०२४ मध्ये एक हजार कोटी डॉलरच्या वर आकारली. धंद्याची त्यांची नजर अचूक ठरली. मैदानावरची नजर १९९४ मध्ये निघून गेली.

लीगने या प्रकरणातून धडा घेतला असं म्हणतात, पण दहाच वर्षांनी, १९९९ मध्ये, न्यू ऑर्लिन्सने रिकी विल्यम्स या एका धावपटूसाठी त्या ड्राफ्टमधले आपले सगळे हक्क देऊन टाकले. आपण एका खेळाडूपुरते कमी आहोत, हा समज फार चिवट असतो.

आणि मग २०२५ चा ऑगस्ट. जोन्स आणि त्या सुवर्णकाळावरची माहितीपट-मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि थोड्याच दिवसांत, २८ ऑगस्टला, डॅलसने आपला सर्वोत्तम बचावपटू मायका पार्सन्स ग्रीन बेला देऊन टाकला. बदल्यात केनी क्लार्क आणि २०२६, २०२७ चे पहिल्या फेरीचे हक्क. जो-तो लगेच वॉकर सौद्याची आठवण काढू लागला.

ही तुलना मला पटत नाही. १९८९ मध्ये संघ तळाला होता, दिलेला खेळाडू लवकर झिजणाऱ्या जागेवरचा होता, आठ हक्क आले होते आणि ते वापरण्याचा आराखडा सौद्याआधीच जॉन्सन यांच्या डोक्यात तयार होता. पार्सन्स सव्वीस वर्षांचा होता, त्याची जागा दीर्घकाळ टिकणारी होती आणि सौदा कराराच्या भांडणातून झाला. १९८९ मध्ये चाहत्यांनी विचारलं होतं, ‘आमचा खेळाडू का दिलात?’ इतिहास सांगतो की तो प्रश्न अपुरा होता. संघाच्या प्रत्येक मोठ्या सौद्यानंतर चाहत्याने विचारायचा प्रश्न हा आहे की हाती आलेले हक्क कोण खर्च करणार, आणि त्याने याआधी काय निवडून दाखवलं आहे. १९८९ मध्ये याचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो राग क्षम्य होता. आज डॅलसकडे तीस वर्षांची नोंद आहे आणि तिच्या आधारे चाहत्यांनी जोन्स यांना जाब विचारणं हा त्यांचा पूर्ण अधिकार आहे.